आधी बोलली ती

माझा मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या तोंडात एकही शब्द नव्हता. 'आई' नाही, 'पप्पा' नाही, दुधासाठी नुसतं 'दू'देखील नाही. काही हवं असलं की तो माझं बोट धरून मला त्या वस्तूपाशी नेई आणि तिच्याकडे बघत उभा राही. त्याच घरात माझ्या मोठ्या जावेची मुलगी होती. ती त्याच्याहून थोडीशीच मोठी. दोघांची बारशी एकाच पावसाळ्यात झालेली. ती मात्र अख्खी वाक्यं बोलायची. घरात तिला बाय म्हणत आणि माझ्या मुलाला बाबू. दोघं एकाच वयाची आहेत असं सांगितलं की पाहुणे आधी बायकडे बघून हसत, मग बाबूकडे बघत, आणि त्यांचं हसू मावळायचं.

आमचं घर गोव्यात, पाळीला, खाणीच्या रस्त्याच्या कडेला. मी पेडण्यातल्या हळर्णची. आमच्याकडे दुपारी नदीपलीकडच्या माणसाचं खोकणंही ऐकू यायचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा कित्येक दिवस माझं डोकं ठणकायचं. सकाळपासून खनिजाचे भरलेले ट्रक एकामागून एक नदीच्या धक्क्याकडे जात, रिकामे परत येत, आणि आमच्या जनेलांची तावदानं दिवसभर थरथरत राहत. दुपारी सुरुंग उडवायच्या आधी खाणीवर भोंगा वाजे. घरातली सगळी माणसं ओरडून बोलत. आधी मला वाटलं, ही भांडकुदळ आहेत. मग कळलं की हळू बोललेलं इथे कुणाला ऐकूच येत नाही. वर्षभरात मीही ओरडून बोलायला लागले.

सासरे मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. मोठे दीर, ज्यांना मी दादा म्हणायची, त्यांचा खाणीवर स्वतःचा ट्रक होता. माझा नवरा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. जाऊ सावंतवाडीकडची, तिला मी वयनी म्हणायची. वयनी उंच, देखणी, हाताला चव असलेली, आणि तोंडानं फटकळ. मी नवी होते तेव्हा तिनंच मला या घरात वावरायला शिकवलं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं, आणि तेवढी वर्षं तिनं काय काय ऐकून घेतलं होतं ते तिनं मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. त्यानंतर बाय झाली. बाय वर्षाची व्हायच्या आत बोलायला लागली, तेव्हा वयनीला वाटलं की देवानं सगळी भरपाई एकदमच केली.

बायचं बोलणं खरंच ऐकण्यासारखं होतं. पाववाला पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत यायचा तो अजून वळणावर असतानाच ती सोप्यावरून ओरडायची, "पोदेर इलो!" ड्रायव्हरांना ती नावांनी हाका मारी. सासऱ्यांनी तिला 'शुभं करोति' शिकवलं होतं. संध्याकाळी ते म्हणायला तिला सोप्यावर उभं करत, आणि रस्त्यानं जाणारे दोन मिनिटं थांबून ऐकत.

आणि बाबू खांबाला टेकून नुसता बघत राही.

त्याच्यासाठी काय नाही केलं. मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावलं. शेजारची एक बाई म्हणाली, त्याच्या जिभेखालची शीर जाड आहे, कापून घ्या. सासूबाई देवळात जाऊन कौल लावून आल्या, तर देवानं थांबा म्हणून सांगितलं. सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणायचे, पोराच्या डोक्यात गोंधळ झालाय. आई पेडण्याची कोंकणी बोलते, काकी मालवणी, पुस्तकातली भाषा तिसरी. त्याच्याशी एकच भाषा बोला, शुद्ध मराठी. यावर दादा भडकायचे. ते दिवस राजभाषेच्या वादाचे होते. कोंकणी की मराठी, यावरून गावागावात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आमच्या घरात सासरे मराठीचे आणि दादा कोंकणीचे. दोघं जेवायला बसत ते एकमेकांकडे अर्धी पाठ करून. दादा विचारायचे, मग बाय कशी बोलते? तीही याच घरात राहते. सासरे म्हणायचे, बायला मी मराठी शिकवतो म्हणून. माझ्या मुलाचं न बोलणं हा दोघांचाही पुरावा झाला होता.

पण मला खरी भीती घातली ती सासूबाईंनी. त्या वाईट नव्हत्या. त्यांना जे वाटे ते त्या बोलून टाकत. एके दिवशी बाबूला न्हाऊ घालताना त्या म्हणाल्या की आमच्या घरात असा एक होऊन गेलाय. सासऱ्यांचा मोठा भाऊ. त्याला सगळे मुको म्हणत. तो कधी बोललाच नाही. त्याचं लग्न झालं नाही, गोठ्यात निजायचा, गुरांमागे जायचा. डोंगरात झाड पाडत होते, लोक ओरडले, सर सर म्हणाले. तो बाजूला सरला नाही, झाडाखाली सापडून गेला. हे सांगून त्यांनी बाबूच्या डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतला आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारत त्याच्याकडे बघत राहिल्या. तो पाण्यानं हसत होता.

त्या दिवसापासून मी कान टवकारूनच जगू लागले. बाबूच्या तोंडून काही निसटतंय का, एखादं अक्षर, एखादा नवा आवाज, याकडे माझं सारं लक्ष. भाकरी थापताना, कपडे धुताना, माझा एक कान त्याच्याकडे असायचा. त्या कानाला दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं.

बायचा 'स' गेला होता.

आधी ती 'साखर' म्हणायची, अगदी स्वच्छ. आता 'आखर' म्हणू लागली. 'शाळा' ऐवजी 'आळा'. सगळे हसले, लाडानं बोबडी बोलते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. पण बोबडं बोलणारं मूल आधी बोबडं बोलतं आणि मग सुधारतं. हिचं उलटं चाललं होतं. 'शुभं करोति' म्हणताना ती शब्दांच्या शेवटांवरून घसरत जायची. चाल तीच, पण आतले शब्द कुणीतरी खाल्ल्यासारखे.

मग पोदेर. आता बाय सोप्यावरून ओरडत नसे. भोंपू वाजला की बाबू आधी धावायचा, आणि त्याला धावताना बघून मग ती धावायची. सुरुंग उडाला की मात्र ती दचकायची, म्हणून आठवडाभर मी स्वतःलाच वेडी म्हणत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की सुरुंगाच्या आधी भोंगा होतो, तेव्हा तिला काहीच होत नाही. सुरुंगाचा धक्का भुईतून पायात येतो. भोंगा फक्त हवेतून येतो.

तरी मला खात्री पटली ती बाबूमुळे. बाबूला शब्द नव्हते, पण हाक मारायची त्याची एक पद्धत होती; 'ए' आणि 'ओ' यांच्या मधला काहीतरी आवाज काढायचा. मला, आजोबांना, मांजरालासुद्धा तो तसा आवाज द्यायचा. बायला मात्र तो आवाज देत नव्हता. तिच्याकडे काही हवं असलं की तो चालत तिच्या पुढ्यात जाई आणि तिच्या हाताला हात लावी. मी दोन दिवस मुद्दाम बघितलं. दर वेळी तेच. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला ते असंच कळलं होतं, जसं आपल्याला कळतं की अमक्या दाराची कडी कशी काढायची.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की आपला बोलत नाही, आणि आपण त्यांच्या मुलीत खोट काढतोय असं होईल. वयनी तुला कधी माफ करणार नाही. दादाही करणार नाहीत. त्याचं म्हणणं खरं होतं हे मला कळत होतं. पण बायकडे बघायचं मला थांबवता येत नव्हतं. ती आता बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. संध्याकाळी वीज गेली की रडत आईच्या गळ्यात पडायची. वयनी म्हणायची, अंधाराला भिते. मला वाटायचं, अंधारात तोंडं दिसत नाहीत म्हणून ती भिते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वयनी मागीलदारी नारळ किसत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. जमेल तेवढं हळू, जमेल तेवढं साधं. 'स' गेला ते, पोदेरचं, भोंग्याचं. बाबू तिला कसा हात लावून बोलावतो तेही सांगितलं. तिचा हात आदोळीवर, खवणीवर, थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं, क्षणभर नुसती भीती होती. मग ती भीती गेली आणि राग आला.

"तुझ्या पोराक वाचा नाय," ती म्हणाली, "म्हणान माझ्या चेडवाची जाय तुका?"

तिच्या मुलीची वाचा मला हवी का, हे विचारताना ती ओरडली नाही. या ओरडणाऱ्या घरात तिनं ते इतक्या हळू म्हटलं की मला तिच्या ओठांवरूनच कळलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बायची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, आणि ठसका उठला तसं त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे, मी उभी होते तिकडे, बघितलं. दुसऱ्या दिवसापासून बाय माझ्या हातचं काही खात नव्हती. तिला खाऊ दिलं जात नव्हतं. बाबू तिच्याकडे गेला की कुणीतरी तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेई. तो दाराशी उभा राही, आवाज न करता.

मधले दिवस मला सलग आठवत नाहीत. वयनी आता पाहुण्यांसमोर बायला बोलायला लावेनाशी झाली. कुणी बायला काही विचारलं की उत्तर वयनीच द्यायची, भराभर, हसत. मुलीच्या कानामागे, डोळ्यांत काजळ, गळ्यात काळा दोरा, दंडाला आणखी एक. ती बारीक होत चालली होती, वयनी. आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं होई.

आणि मग ट्रक थांबले.

कोंकणीसाठी आंदोलन पेटलं होतं. लोकांनी जागोजागी झाडं तोडून रस्त्यात आडवी टाकली होती. एका सकाळी आम्ही उठलो तर रस्त्यावर काहीच नव्हतं. धूळ खाली बसली होती. जनेलं थरथरत नव्हती. खाणीवरचा भोंगा वाजला नाही. माझ्या लग्नानंतर त्या घरात मी पहिल्यांदाच कावळ्याच्या पंखांचा आवाज ऐकला. घरातले सगळेजण आपोआप हळू बोलायला लागले. ओरडायची गरजच नव्हती. सासरे पेपर नाही म्हणून जुना पेपर वाचत बसले. दादा रस्ता अडवणाऱ्यांबरोबर बाहेर होते.

त्या शांततेत बाय हरवली. इतके दिवस आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलत होतो, आणि त्यातलं थोडंफार तिच्यापर्यंत पोचत होतं. आता तेही बंद झालं. ती घरभर फिरून एकेकाच्या पुढ्यात उभी राहायची आणि तोंडाकडे बघायची. सासूबाईंनी तिला जेवायला हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग पदराला हात पुसत तिथेच थांबल्या. 

दुपारी मी विहिरीवर होते. केळींच्या आडोशामुळे मी मागीलदारातून दिसत नव्हते. बाय अंगणात मातीत बसून करवंटीनं खेळत होती. तिच्या मागे वयनी उभी होती, हातात स्टीलचं ताट आणि कुलेर, मोठा चमचा. तिनं कुलेर ताटावर आपटला. बायनं करवंटी उपडी केली. वयनी एक पाऊल पुढे आली आणि पुन्हा वाजवला, जोरात. बाय मातीचा ढीग थोपटत राहिली. वयनी पुढे येत गेली, वाजवत गेली, ती मुलीच्या अगदी पाठीशी येईपर्यंत. मी विहिरीचा दोर धरून उभी होते. तिथूनही माझ्या कानठळ्या बसत होत्या. बाय वळली तेव्हा ती आवाजामुळे वळली नाही. आईची सावली तिच्या मातीवर पडली म्हणून वळली. वर बघून ती हसली.

मी गेले. वयनीच्या हातातून ताट घेतलं. तिनं ते सोडलं.

"तुका कधी कळला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तुला सांगितलं त्याच्या थोडं आधी. तिनं मान हलवली. मग तिथेच पायरीवर बसली, आणि मी तिच्याजवळ बसले. बाय आमच्या दोघींमध्ये येऊन एकदा हिच्या, एकदा माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पण आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

डॉक्टर साखळीला होता. बस नव्हती. वयनी थांबायला तयार नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालत निघालो. वयनी, बाय, बाबू आणि मी, सोबत सासरे. दादांना निरोप पाठवला होता, पण ते कुठे होते कुणाला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी येऊ नये असं मला वाटत होतं. मराठीवाले मास्तर म्हणून त्यांना सगळे ओळखत.

वाटेत एका वळणावर आंब्याचं झाड आडवं पडलेलं होतं आणि त्याच्याभोवती तरुण पोरं होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. त्यांनी सासऱ्यांना ओळखलं. एकजण हसला, चांगलं हसणं नव्हतं ते. दुसरा आमच्या वाटेत येऊन उभा राहिला. त्यानं सासऱ्यांना काही विचारलं नाही. तो बायपुढे वाकला आणि कोंकणीत म्हणाला, "नांव कितें गो तुजें?"

बाय त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या मिशा दाट होत्या, ओठ दिसत नव्हते. त्यानं पुन्हा विचारलं. मग उठून उभा राहत तो सासऱ्यांना म्हणाला की मास्तरांनी नातीला आईची भाषा शिकवलेली दिसत नाही. मागची पोरं पुढे आली. सासऱ्यांनी काठी पुढे रोवली. मी बाबूला उचलून घेतलं.

"तिका आयकाक येणा नाय," वयनी म्हणाली.

हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. घरात नाही, आमच्यात नाही, तिथे, त्या अनोळखी पोरांसमोर. तो तरुण तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं आमच्याकडे न बघता झाडाच्या फांद्या हातानं दाबून धरल्या आणि आम्ही एकेक करून पलीकडे गेलो. बायला त्यानंच उचलून पलीकडे दिलं.

साखळीच्या डॉक्टरनं दोन्ही मुलांना बराच वेळ बघितलं. कानात उजेड टाकला. पाठीमागून किल्ल्या वाजवल्या, कागद चुरगळला. बाबूला त्यानं चेंडू आण म्हटलं, तो घेऊन आला. दार लाव म्हटलं, त्यानं लावलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला की याला सगळं ऐकू येतं आणि सगळं समजतं. काही मुलं उशिरा बोलतात. यावर लक्ष ठेवा, आणखी काही महिन्यांनी नाही बोलला तर घेऊन या. घरात तीन भाषा आहेत म्हणून मूल मुकं होत नाही, असंही तो सासऱ्यांकडे बघत म्हणाला.

वयनीकडे तो लगेच वळला नाही. पेन टेबलावर ठेवला, उचलला. मग सांगितलं की उशिरा येणाऱ्या शब्दांची वाट बघता येते. आलेले शब्द जायला लागले तर एक दिवसही वाट बघायची नसते. रस्ते उघडले की ताबडतोब पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात न्या. आणि त्यानं विचारलं, घरात कुणाला असं झालं होतं का?

वयनी नाही म्हणणार होती. तेवढ्यात सासरे बोलले. त्यांचा एक मोठा भाऊ मुका होता. जन्मापासून का, असं डॉक्टरनं विचारलं.

सासरे थांबले.  "नाही," ते म्हणाले. "लोक तसं म्हणत. पण आई आम्हाला सांगायची, तो आधी बोलायचा."

परतीच्या वाटेवर मी तेच वाक्य मनात घोळवत होते. इतकी वर्षं घरातली माणसं त्या माणसाबद्दल बोलत होती, आणि हे एवढं वाक्य कुणी बोललं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई बाबूकडे ज्या नजरेनं बघायच्या ती नजर चुकीच्या मुलावर पडत होती, आणि जिच्यावर पडायला हवी होती ती सोप्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकवत होती.

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. दोन्ही कान जात चालले होते. थोडं उरलं होतं, तेही किती दिवस राहील सांगता येत नव्हतं. ते थांबवायचा उपाय नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. कानाला यंत्र लावा, आणि जोवर काही पोचतंय तोवर तिच्याशी बोला, जवळून, उजेडात, तिला तोंड दिसेल असं. आता शिकलेलं राहील. पुढे शिकवणं फार कठीण जाईल. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच भाषा बोला. ओठ वाचायला तिला सोपं पडेल.

एकच भाषा. त्या संध्याकाळी दादा घरी होते. कुठली, हे विचारायचं धाडस कुणाला होत नव्हतं. दादांच्या डोळ्याखाली काळं झालं होतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले की माका काय पडला नाय, कुठली शिकवायची ती शिकवा, चिनी शिकवा. सासरे उठून बायजवळ गेले. बाय आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत ते म्हणाले की तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलते ती. आपण सगळ्यांनी तीच बोलायची.

म्हणजे मालवणी. ना राजभाषेत बसणारी, ना पुस्तकात. मराठीत सगळी हयात घालवलेले माझे सासरे दुसऱ्या दिवसापासून नातीपुढे बसून "ह्यां काय? ह्यां ताट. ताट" म्हणू लागले, ओठ मोठे करून, आणि त्यांना ते नीट जमत नव्हतं.

त्या दिवसांची घाई मी विसरू शकत नाही. घरात कुणी मेलं की असते तशी ती घाई नव्हती, पण तिच्या जवळपासची होती. छातीवर यंत्राचा डबा, कानांत वायरी, आणि आम्ही सगळे आळीपाळीनं तिच्या कानाशी तोंड नेऊन शब्द सांगतोय. चूल, पाणी, नारळ, पाऊस, दुखता, भूक, भिया नको. कुठले शब्द आधी सांगायचे? कुठल्या शब्दांवाचून माणसाचं अडेल? वयनी ऊन असेपर्यंत तिला अंगणात घेऊन बसायची आणि ऊन भिंतीवर चढायला लागलं की तिचा आवाज चढायचा. ट्रक पुन्हा सुरू झाले होते. एखादा ट्रक जवळून गेला की वयनी थांबायची, तो जाईपर्यंत दात आवळून वाट बघायची, आणि मग तोच शब्द पुन्हा.

या सगळ्यात बाबू बोलला. एका सकाळी पोदेरची टोपली दाराशी असताना तो म्हणाला, "माका पाव जाय." सरळ तीन शब्द, जणू नेहमीच बोलत होता. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. वयनीनं ऐकलं होतं. ती आत निघून गेली, आणि मी त्याला पाव दिला, आणि कुणालाही काही सांगितलं नाही. त्यानंतर तो बोलतच राहिला. मी त्याला वयनीसमोर हळू बोलायला सांगत असे.

गोवा घटकराज्य झालं त्याच सुमाराला वयनी आणि बाय फोंड्याला राहायला गेल्या. तिथे बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दादा ट्रकमुळे पाळीलाच राहिले, शनिवार-रविवारी जात. जाताना वयनी माझ्याशी नीट बोलली, दूध कुणाकडून घ्यायचं, लोणच्याची बरणी कधी हलवायची. बाकी कशाबद्दल आम्ही बोललो नाही. पुढेही कधी बोललो नाही. ती सणाला यायची, मी जायची, पण मागीलदारी मी तिला जे सांगितलं ते आमच्यामध्ये कायमचं बसलेलं होतं. खरं निघाल्यामुळे ते हललं नाही.

बाय सहाएक वर्षांची असताना तिनं एका सकाळी छातीवरचा डबा काढून मेजावर ठेवला आणि पुन्हा लावायला नकार दिला. वयनीनं बॅटरी बदलली, वायर बदलली. मग तिला समजलं की डबा ठीक आहे. पण तोवर बायकडे बरेच शब्द जमले होते आणि ते तिनं सोडले नाहीत. ती शिकली. आज फोंड्यात एका छापखान्यात संगणकावर काम करते. तिचं बोलणं सपाट आहे, थोडं मोठ्यानं, आणि त्यातली मालवणी जुनी आहे. अनोळखी माणसं तिला कुठल्या देशाची म्हणून विचारतात. तिचं लग्न झालं, नवऱ्याला ऐकू येतं.

तिला आता मुलगी आहे. दीड वर्षाची झाली, अजून एकही शब्द बोललेली नाही. गेल्या महिन्यात त्यांनी तिच्या कानांची तपासणी केली. सध्या दोन्ही कान चांगले आहेत, असं तिनं मला स्वतः येऊन सांगितलं. 'सध्या' हा शब्द तिनं नीट उच्चारला. मुलगी माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या फिरवत होती, आणि वयनी, आता पिकलेल्या केसांची, समोरच्या खुर्चीवर बसून नातीकडे बघत होती. पुढची तपासणी पावसाळ्यानंतर आहे.